चौथं घर आणि तात्यांची डाळिंबं

बारामतीजवळच्या जळोचीत माझ्या घरी येणारी निम्मी माणसं प्रिंटर घेऊन येतात. "मॅडम कम्प्युटरमध्ये आहेत" एवढीच माझी ख्याती गल्लीच्या तोंडापासून एसटी स्टँडापर्यंत पोचली आहे, आणि त्यात खोटं काहीच नाही. मी खरोखरच कम्प्युटरमध्ये आहे, फक्त इतकी आत आहे की तिथून प्रिंटर दिसत नाही. सुरुवातीला मी हे समजावून सांगत बसायचे. आता झाकण उघडून अडकलेला कागद ओढून काढते आणि चहा विचारते. काही प्रिंटर चालूही होतात, त्यामुळे गैरसमज वाढत चालला आहे.

या अंकाच्या संपादकबाईंनी कामाविषयी लिहायला सांगितलं आणि वर अट घातली, "माझ्या आईला कळलं पाहिजे." तर आई, माणूस प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती कळत नाही. दोघांच्या मध्ये जो दुभाषी बसतो, तो कंपायलर. हा दुभाषी लगेच भाषांतर करत नाही. माणसाचं बोलणं तो आधी एका तिसऱ्याच, मधल्या भाषेत उतरवून घेतो, तिथं त्याची काटछाट करून सुटसुटीत करतो आणि मग यंत्राला सांगतो. माझी सगळी नोकरी त्या मधल्या भाषेत गेली. आधी पुण्यातल्या एका कंपनीत, आणि माझी आई एकटी पडल्यावर इथं जळोचीच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर.

या मधल्या भाषेत कुणी बोलत नाही, कुणी भांडत नाही. तिथं फक्त आकडे एका हातातून दुसऱ्या हातात जात असतात. दुपारी शेजारच्या विहाराचं अंगण शांत झालेलं असतं, कालव्याकडून गार वारा येतो, आणि पडद्यावरच्या त्या ओळी बघता बघता मला वाटायला लागतं की जग मुळात असंच असणार, माणसं आणि यंत्रं नंतर आली असणार.

माझ्या वाट्याला आलं होतं ते चार-चार आकडे एकदम हाताळण्याचं काम. अंड्यांचा ट्रे असतो ना, तसा चार घरांचा ट्रे समजा. एकेक आकडा चार वेळा वाढवण्यापेक्षा ट्रेला एकदाच सांगायचं, "वाढ," की चारही घरांतले आकडे एका दमात वाढतात. फोटो, आवाज, व्हिडिओ, सगळं याच ट्रेवर चालतं. पण प्रोग्रॅम लिहिणारी माणसं या ट्रेशी फार गमती करतात. पहिल्या घरातला आकडा तिसऱ्यात नेतात, दोन ओळींनी तिसऱ्यातला परत पहिल्यात आणतात. आमची आई फडताळातली पातेली ओट्यावर आणि ओट्यावरची फडताळात करायची, तसंच हे. आम्ही असल्या फेऱ्या शोधून काढतो आणि पुसून टाकतो. दिवसभर काम करून संध्याकाळी हातात काय, तर काही ओळी नाहीशा झालेल्या. मी चांगलं केलेलं काम म्हणजे जे आता तिथं नाही ते. याचा अभिमान वाटतो आणि थोडं वाईटही वाटतं, कारण नसलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही.

आमचा मुख्य नियम एकच: कुणी मागितलं नसेल तर करू नका. शेवटापासून मागं मागं यायचं आणि विचारत राहायचं, हे उत्तर कुणाला हवंय? कुणालाच नको असेल तर ते कामच टाकून द्यायचं. एकदा दूर देशातल्या एका गृहस्थांचं आभाराचं पत्र आलं, की तुमच्या नव्या कंपायलरमुळे माझा प्रोग्रॅम डोळ्यांची पापणी लवायच्या आत संपतो. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांचं दुसरं पत्र, आता मात्र पार संतापलेलं. त्यांनी यंत्राचा वेग मोजायला डोंगराएवढे हिशोब लिहिले होते, पण उत्तर कुठं दाखवायचं ते सांगायला विसरले होते. कुणी उत्तर मागत नाही म्हटल्यावर कंपायलरनं सगळा डोंगर उचलून फेकून दिला. मी त्यांना लिहिलं, "साहेब, एकदा विचारून तरी बघा." त्यांना विनोद आवडला नाही.

सुजाता आली ती याच नियमाची तक्रार घेऊन, पण तेव्हा ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. निमगाव केतकीहून स्कूटीवर आली होती. काखेत लॅपटॉप, पायाशी डाळिंबांचा क्रेट. दारातच म्हणाली, "ताई, तुमी कंपायलर बघता म्हणं?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी योग्य वस्तू घेऊन माझ्या दारात आलं होतं. मी तिला आत बसवलं आणि चहा न विचारता थेट केला.

सुजातानं बारामतीला इंजिनिअरिंग केलेलं, लग्न होऊन निमगावला गेलेली. सासरे तात्या, जुने डाळिंबवाले. इंदापूरच्या मार्केट यार्डात लिलावाच्या वेळी व्यापारी प्रत्येकाची पेटी उघडतात, वरचे थर बाजूला करून तळापर्यंत हात घालतात. वर लालभडक आणि खाली फिकट असा माल भरणारे काही कमी नाहीत. तात्यांची पेटी मात्र कुणी उघडत नव्हतं. वर त्यांचं नाव दिसलं की टेप न फाडता बोली सुरू व्हायची. तात्यांनी 'एक नंबर' म्हटलं की तळाचं फळसुद्धा एक नंबर.

"आणि आता तात्यांना रंगच दिसत न्हाय," सुजाता म्हणाली. "डोळ्यांच्या पडद्याचा आजार हाय. माणूस येतंय-जातंय ते कळतं, पण लाल कुठला आन् पिवळा कुठला ते न्हाय कळत. घराबाहेर कुणाला म्हाईत न्हाय. त्यांनीच सांगू दिलं न्हाय."

म्हणून तिनं मशिन बनवलं होतं. पट्ट्यावरून एकेक डाळिंब येतं, वरचा कॅमेरा रंग बघतो, आणि पट्ट्याशेजारची झडप फळाला ज्या-त्या नंबरच्या खोक्यात ढकलते. वर्षभर ते नीट चाललं. मग कॅमेऱ्यामागचं, प्रोग्रॅम चालवणारं कार्ड बिघडलं. नवं कार्ड घेतलं, त्याला नवा कंपायलर लागला, आणि तेव्हापासून एक नंबरच्या पेटीत अधूनमधून फिकट फळ निघायला लागलं. नेहमीचे व्यापारी मुनीरभाई यांचा फोन आला होता. भला माणूस, शब्द जपून वापरणारा. म्हणाले, "तात्या, गिऱ्हाईक बोलायला लागलंय. येत्या लिलावाला मला पेटी उघडावी लागंल."

"कॅमेरा बदलून बघितला, दिवे बदलून बघितले," सुजाता म्हणाली. "तात्या रोज म्हणत्यात, तुझं मशिन ऱ्हाऊ दे, मी हातानं बघतो. हातानं रंग कसा कळंल, ताई? यार्डात समद्यांसमोर पेटी उघडली आन् आत फिकट निघालं, तर ते परत यार्डात पाय ठेवायचे न्हाईत. मला म्हाईत हाय त्यांचा स्वभाव."

दुसऱ्या दिवशी मी निमगावला गेले. इंदापूरच्या एसटीत खिडकीशी बसले होते. ऊस, मग माळ, मग पुन्हा ऊस, आणि डुलकी लागायच्या बेतात मला समोरच्या सीटा चार-चारांच्या रांगेत दिसायला लागल्या. हा आमच्या धंद्यातला आजारच आहे.

शेडमध्ये तात्या पट्ट्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. पांढरा सदरा, टोपी, गुडघ्यावर पालथा हात. खोक्यात पडणारं प्रत्येक डाळिंब उचलून ते अंगठ्यानं चाचपत आणि परत ठेवत.

"या ताई," आवाजाच्या दिशेनं तोंड करून ते म्हणाले. "तुमी मशिनला मराठी शिकवता म्हनं?"

"मराठी नाही तात्या. त्याचीच त्याला भाषा."

"मग त्याला इचारा, माझ्यावर का रुसलंय."

सुजाताचा प्रोग्रॅम मी ओळन् ओळ वाचला. इतका नेटका प्रोग्रॅम मी कित्येक पगारदार माणसांकडून पाहिलेला नाही. कॅमेरा प्रत्येक फळाचे तीन आकडे देतो: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. पण ऊन वाढलं की तिन्ही वाढतात, ढग आला की तिन्ही उतरतात. म्हणून तिन्हींना एकूण उजेडानं भागायचं, म्हणजे उरतो तो फळाचा खरा रंग. आता ट्रेला घरं चार आणि रंग तीन. चौथं घर रिकामं. पण भागाकार चारही घरांत एकदमच होणार, म्हणून तिथं कशानं भागायचं? सुजातानं विचार करून चौथ्या घराच्या भाजकात एक ठेवला होता. एकानं भागलं की कुणाचं काही बिघडत नाही. चूक कुठंच नव्हती. मी पुन्हा वाचला. तरी नव्हती.

दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पिठलं झालं. जेवण अंगावर आलं. मी शेडच्या खांबाला टेकून पट्ट्याकडे बघत बसले. पट्टा गुणगुणत होता. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडले होते आणि डाळिंबं एकामागून एक त्या कवडशांतून जात होती. उजळायची, विझायची, परत उजळायची. माझे डोळे मिटत होते, उघडत होते. मला वाटलं, प्रत्येक फळ कॅमेऱ्याखालून जाताना आपला रंग अंगरख्यासारखा काढून तिथंच ठेवतंय आणि मागून येणारं फळ तो अंगात घालतंय. लाल गेलं, मागचं फिकट ते लाल घालून पुढं निघालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. किती शिस्तीत चाललंय, असंच वाटलं. मग झडप आपटली आणि मी जागी झाले.

"सुजाता, घरात लिंबू आहे का?"

लिंबू आलं. चांगल्या लालभडक डाळिंबांच्या रांगेत आम्ही मधोमध ते पिवळं लिंबू ठेवलं आणि पट्टा सोडला. लाल फळं एक नंबरच्या खोक्यात गेली. लिंबू आलं, झडप हलली, आणि लिंबू ऐटीत एक नंबरच्या खोक्यात जाऊन बसलं. त्याच्या मागचं सुंदर डाळिंब मशिननं टाकाऊ म्हणून फेकलं.

सुजाता आधी हसली आणि मग तिनं पट्टा बंद केला. तात्यांनी खोक्यात हात घातला, लिंबू उचललं, नाकाशी नेलं.

"ह्ये एक नंबर व्हय?" ते म्हणाले. "सरबताला हाय."

प्रत्येक फळाला त्याच्या आधीच्या फळाचा रंग मिळत होता. बागेतून येणारा माल बहुतेक एकसारखा, त्यामुळे चूक लपून राहत होती. लालमागून लाल आलं तर काय कळणार? आता मी लॅपटॉपवर मधली भाषा उघडली, जिथं सुजाताचा प्रोग्रॅम निम्म्या वाटेवर होता. भागाकाराची ओळ तिथं नव्हतीच. कुणीतरी ती पुसली होती, आणि पुसणारे आम्हीच होतो.

झालं होतं ते असं. कंपायलर नियमाप्रमाणे शेवटापासून मागं आला आणि त्यानं विचारलं, चौथ्या घरातलं उत्तर कुणाला हवंय? कुणालाच नाही. मग तिथला एक तरी कशाला जपायचा? त्या जागी त्यानं 'काहीही' ठेवलं. हा आमच्या धंद्यातला खास शब्द. काहीही म्हणजे शून्य नव्हे, रिकामं नव्हे. ज्याला जे सोयीचं ते त्यानं समजावं. बेरजेत, गुणाकारात हे खपून जातं. पण काहीहीमध्ये शून्यही येतो, आणि शून्यानं भागायला सक्त मनाई. पुढच्या टप्प्यावरच्या काटछाटीनं बघितलं: इथं शून्यानं भागाकार होऊ शकतो, म्हणजे हा प्रोग्रॅम मुळातच नियमबाह्य, म्हणजे चारही घरांतल्या उत्तराची जबाबदारी आपल्यावर नाही. तिनं सगळा भागाकार टाकून दिला. यंत्राच्या हातात मग उरलं ते आधीच्या फळाचं शिळं उत्तर. एका घराकडे कुणी बघत नाही म्हणून चारही घरं गेली.

हा नवा नियम दूरच्या देशातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं लिहिला होता. त्याला मी कधी भेटलेले नाही, पण त्याच्या लिहिण्याची ढब ओळखते. नियम देखणा होता. आमच्याकडे देखण्या नियमांना पटकन मान डोलावली जाते. मी त्याला कळवलं, दुरुस्तीही सुचवली: भागाकार असेल तर न मागितलेल्या घरात काहीही नको, एक ठेवा. एवढंच वाक्य. त्यावर आमची चर्चा बरेच आठवडे चालली, आणि शेवटी ते वाक्य आत गेलं. आता जगात कुठंही भागाकाराच्या ट्रेमधलं घर रिकामं राहिलं, तर तिथं एक बसलेला असतो. माझ्या नोकरीत मी पुष्कळ पुसलं, ठेवलं ते एवढंच.

पण लिलाव तितके आठवडे थांबणार नव्हता. सुजातानं विचारलं, "ताई, चौथं घर कुणी मागत न्हाय म्हणून ह्ये झालं ना? मग आपण मागू की." तिनं चौथ्या घरातलं उत्तरही प्रोग्रॅमच्या शेवटी एका कोपऱ्यात दाखवायला सांगितलं. आता त्याची चौकशी करणारं कुणीतरी होतं, म्हणून कंपायलरला त्यातला एक जपावा लागला. लिंबू परत रांगेत ठेवलं. या वेळी ते टाकाऊत गेलं, आणि मागचं डाळिंब एक नंबरमध्ये. सुजातानं डोळ्यांना पदर लावला. मला इतका आनंद झाला की मी तात्यांचा हात धरून हलवला.

लिलावाला मीही गेले. यार्डात क्रेटच्या थप्प्या, हमालांची धावपळ, डाळिंबांचा तो किंचित तुरट वास. तात्या नेहमीच्या जागी उभे. आपल्या रांगेतल्या पेट्या त्यांनी हातानं चाचपून बघितल्या आणि टेपवरून बोट फिरवलं. व्यापारी एकेक पेटी उघडत पुढं सरकत होते. मुनीरभाई तात्यांच्या रांगेशी आले आणि थांबले. हातातली सुरी उघडायची की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. बाजूची माणसंही वळून बघायला लागली.

"तात्या, एकच उघडतो," ते खाली बघून म्हणाले. "माफ करा."

सुजातानं माझं मनगट घट्ट धरलं. आत काय आहे ते आम्हां दोघींना ठाऊक होतं. एक पेटी उघडली असती, माल चोख निघाला असता आणि तात्यांचं नाव पहिल्यासारखं राहिलं असतं.

"एक न्हाय," तात्या म्हणाले. "समद्या उघडा."

"समद्या कशाला तात्या..."

"मला रंग दिसायचा बंद झालाय, मुनीरभाई. लई दिस झालं. मी कुनाला बोललो न्हाय. ह्यो माल मी बघितलेला न्हाय, माझ्या सुनंच्या मशिननं बघितलाय. आन् माझ्या नावावर तुमी न उघडता घेताय, ह्ये बरं न्हाय. उघडा."

मुनीरभाईंनी पहिली पेटी उघडली. मग दुसरी. मग बाजूचा आडत्या पुढं झाला, एक हमालही वाकला, आणि टेप फाटल्याचे आवाज रांगभर गेले. थरावर थर बाजूला झाले. तळापर्यंत सगळी फळं लाल, एकसारखी. कुणी काही बोललं नाही. तात्या मान किंचित तिरपी करून ऐकत होते. ती शांतता कसली, ते त्यांना कळत नसणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी पुढं होऊन त्यांच्या कानाशी म्हणाले, "चांगला आहे माल, तात्या. तळापर्यंत चांगला आहे."

त्यांनी मान डोलावली. टोपी काढून कपाळ पुसलं.

बोली झाली. नेहमीसारखीच झाली. मुनीरभाईंनी खिशातलं मार्कर पेन काढलं. यार्डात उघडलेल्या पेटीवर मालवाल्याचं नाव पुन्हा घालावं लागतं. पेन पेटीवर टेकवून ते थांबले.

"तात्या, नाव काय घालू?"

"जिनं माल बघितला तिचं घाला," तात्या म्हणाले.

सुजातानं नको नको म्हटलं, पण मुनीरभाईंनी तोवर लिहिलं होतं. तात्यांनी तिला हात धरून पुढं आणलं, आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः मागं सरकून थप्पीला टेकले.

पुढच्या लिलावाला मी गेले नाही. संध्याकाळी सुजाताचा फोन आला. यार्डात तिच्या सगळ्या पेट्या व्यापाऱ्यांनी तळापर्यंत हात घालून बघितल्या. नव्या नावाला ते चुकत नाही. मी विचारलं, ते टेप फाडताना तुला वाईट वाटलं का?

"टेप लावलीच नव्हती, ताई," ती म्हणाली.